पक्षपात, वशिला की दुजाभाव? नेमका शब्द निवडायची रीत

गेल्या वर्षी एका मैत्रिणीने तिच्या मुलीच्या शाळेला द्यायचं पत्र मला वाचायला दिलं. पत्र दीड पानाचं होतं आणि त्यात ‘पक्षपात’ हा शब्द सात वेळा आला होता. घोर पक्षपात, उघड पक्षपात, पक्षपाती धोरण. वाचून झाल्यावर मी विचारलं, “अगं, पण झालं काय?” तेव्हा तिने सांगितलं. वक्तृत्व स्पर्धेला तीन परीक्षक होते. त्यातल्या एक बाई पहिल्या आलेल्या मुलाच्या सख्ख्या मावशी होत्या. दीड पानात हे वाक्य कुठेच नव्हतं.

मी मजकूर तपासण्याचं काम करते. अशी पत्रं, अर्ज, बातम्या, निवेदनं नेहमी हाताखालून जातात आणि बहुतेकांत हाच घोटाळा असतो. अन्याय खरा असतो, पण शब्द इतका मोघम पडतो की वाचणाऱ्याला तो नुसता त्रागा वाटतो. ‘पक्षपात’ हा निकाल आहे. निकाल द्यायच्या आधी सांगावं लागतं की माप कोणी झुकवलं, कोणाकडे झुकवलं आणि कशाच्या भाराने. मराठीत या प्रत्येक तऱ्हेला वेगळा शब्द आहे. तो सापडला की निम्मी तक्रार त्या शब्दातच सांगून होते. मी ज्या क्रमाने जाते तो क्रम खाली देते.

पहिली पायरी : शब्द बाजूला ठेवा, घटना लिहा

कोऱ्या कागदावर घटना लिहून काढा आणि तिच्यात एकही विशेषण येऊ देऊ नका. देणारा कोण? काय दिलं? कोणाला? ते एरवी कोणाच्या वाट्याला आलं असतं? आणि देण्यामागे गुणांखेरीज दुसरं काय होतं?

मैत्रिणीला मी हेच करायला लावलं. शाळेने गुणतक्ता फलकावर लावला होता आणि तिच्याकडे त्याचा फोटो होता. प्रत्येक परीक्षकाकडे 50 गुण. दोन परीक्षकांनी तिच्या मुलीला 41 आणि 43 दिले होते, त्या मुलाला 38 आणि 40. मावशींनी मुलाला 47 दिले, मुलीला 34. एकूण मुलगी 118, मुलगा 125. हे आकडे कागदावर आले आणि मैत्रिणीचा आवाज आपोआप खाली आला. तिला पहिल्यांदाच जाणवलं की आपल्याकडे सांगण्यासारखं काहीतरी आहे.

दुसरी पायरी : माप कशाने झुकलं ते शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. शब्द कारणावरून ठरतो.

नात्यापासून सुरू करू. नातेवाइकाला पद मिळालं की हल्ली सरसकट ‘घराणेशाही’ लिहितात. हा शब्द मुळात सत्तेचा वारसा सांगतो. बापामागून मुलगा, मुलामागून नातू, आणि गादी घरातच. एखाद्या अधिकाऱ्याने मेव्हण्याला कंत्राटी नोकरी दिली तर ती घराणेशाही नव्हे. त्याला आपण म्हणतो, ‘मेव्हण्याची सोय लावली’. समितीवर किंवा मंडळावर घेतलं असेल तर ‘वर्णी लावली’. ‘नेपोटिझम’ या इंग्रजी शब्दाचा उगम इथे उपयोगी पडतो. लॅटिनमधल्या ‘नेपोस’चा अर्थ नातू किंवा पुतण्या-भाचा. काही पोप आपल्या पुतण्या-भाच्यांना मोठी पदं आणि जहागिऱ्या देत, त्यावरून तो शब्द पडला. ही प्रथा इतकी बोकाळली होती की 1692 मध्ये पोप बारावे इनोसंट यांना फर्मान काढून तिला बंदी घालावी लागली. म्हणजे नेपोटिझम हा सोय लावण्याच्या जवळचा शब्द आहे. घराणेशाही त्याच्या पुढची पायरी. ‘भाईभतीजावाद’ हा हिंदीतून आलेला शब्द मी मराठी मजकुरात ठेवत नाही. आपल्याकडे भतीजा नाही, पुतण्या आहे.

आता वशिला. अरबी ‘वसीला’ म्हणजे साधन, मध्यस्थी. हा अर्थ नीट ध्यानात ठेवला तर शब्द चुकत नाही. वशिल्याला तीन माणसं लागतात: मागणारा, देणारा आणि मध्ये शब्द टाकणारा. मधला माणूस नसेल तर तो वशिला नव्हे. मावशीने भाच्याला जास्त गुण दिले, यात मध्ये कोणी नाही, म्हणून मैत्रिणीने एका जागी लिहिलेली ‘वशिलेबाजी’ आम्ही काढली. अशा मध्यस्थीने जागेवर बसलेला, पण कामाला न लागू पडणारा माणूस म्हणजे ‘वशिल्याचं तट्टू’. हा शब्द वापरताना जपा. तो कृतीला नाही, माणसाला लागतो, आणि ज्याला लागतो त्याने कदाचित स्वतःहून कोणाला काही सांगितलेलंही नसतं.

शिफारस आणि वशिला यांतला फरक लोक विसरतात. शिफारस उघड असते. ती लिहिलेली असते, खाली सही असते, आणि ‘हा माणूस काय करू शकतो’ हे ती सांगते. वशिला कानात सांगितला जातो आणि त्यात एवढंच असतं की ‘हा कोणाचा माणूस आहे’. ‘फिल्डिंग लावणे’ आणखी वेगळं. तिथे इच्छुक स्वतः चार दारं फिरून जमीन तयार करतो. त्यात अन्याय असेलच असं नाही. आणि मध्ये पैसा आला की हे सगळे शब्द मागे ठेवा आणि लाच म्हणा. लाचेला वशिला म्हणणं म्हणजे गुन्ह्याला ओळखीचं पांघरूण घालणं.

काही वेळा नातं नसतं, मधला माणूसही नसतो. वरिष्ठाला एक माणूस आवडतो, बस्स. तो ‘मर्जीतला’, ‘खास मर्जीतला’. वर्गातला असेल तर ‘सरांचा लाडका’. मर्जी बदलते आणि मर्जीतला माणूसही बदलतो, म्हणून ही तक्रार सिद्ध करणं फार कठीण. तारखांसकट चार-पाच प्रसंग हाताशी नसतील तर हा शब्द लेखी अर्जात घालूच नये.

‘लांगूलचालन’ हा शब्द बातम्यांत रोज दिसतो आणि त्याच्या अर्थाची गंमतच झाली आहे. लांगूल म्हणजे शेपूट, चालन म्हणजे हलवणं. शेपूट कोण हलवतो? जो आश्रित असतो तो. म्हणजे लांगूलचालन खालच्याने वरच्याचं करायचं. हल्ली मात्र सत्तेतला पक्ष मतांसाठी एखाद्या गटाचे लाड करतो त्याला हा शब्द लावतात. मत मागताना सत्ताधारी आश्रित होतो, असं मानलं तर अर्थ जुळतोही. पण सांगायची गोष्ट फक्त सवलतींची असेल तर ‘अनुनय’ हा शब्द स्वच्छ आहे आणि त्यात तुच्छता नाही.

आणि भीड. माझ्या मते सगळ्यात जास्त अन्याय भिडेपोटी होतो आणि सगळ्यात कमी वेळा हा शब्द लिहिला जातो. देणाऱ्याला मनातून द्यायचं नसतं. पण समोरच्याने कधीतरी उपकार केलेले असतात, किंवा तो रोज भेटणारा असतो, किंवा नुसतं ‘नाही’ म्हणवत नाही. ‘भिडेखातर नाव घातलं’ या तीन शब्दांत जे येतं ते ‘पक्षपात केला’ यात येत नाही, कारण इथे प्रेम नाही, लोभ नाही, फक्त संकोच आहे. ‘भीड भिकेची बहीण’ असं म्हणतात, तेव्हा भिकेला लागतो तो भिडस्त माणूस स्वतः. पण तो परीक्षक किंवा निवड समितीचा सदस्य असला की भिकेला दुसराच कोणीतरी लागतो. याच्या उलट वागणाऱ्यासाठी ‘कोणाचीही भीडमुर्वत न ठेवता’ हा तयार वाक्प्रचार आहे. ‘मुलाहिजा न ठेवता’ हाही त्याच घरातला.

शेवटचं कारण गटाचं. चार जणांनी मिळून सगळं आपसांत वाटून घेतलं तर ‘कंपूशाही’. एका मोठ्या माणसाभोवती जमलेल्यांचं ‘कोंडाळं’, आणि त्याच्या जोरावर मिरवणारे ते ‘बगलबच्चे’. पण जात, धर्म, लिंग, जन्मस्थान यांवरून डावललं असेल तर या शब्दांशी खेळत बसू नका. तिथे ‘भेदभाव’ हाच शब्द हवा. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद 15 मध्ये तोच शब्द आहे, आणि त्याला पक्षपात म्हटलं की एका माणसाची आवडनिवड असल्यासारखं वाटतं.

तिसरी पायरी : वाक्यात कोण दिसतं ते बघा

‘त्यांनी मुलींच्या बाबतीत पक्षपात केला.’ हे वाक्य पुन्हा वाचा. मुलींना जास्त दिलं की कमी? कळत नाही. ‘च्या बाबतीत पक्षपात’ ही रचना दोन्हीकडे झुकते, म्हणून ती टाळा. ‘मुलींच्या बाजूने’ किंवा ‘मुलींच्या विरोधात’ असं सरळ लिहा.

बाकीचे शब्द इतके दुटप्पी नाहीत. ‘झुकतं माप’ ज्याला मिळालं त्याच्याकडे बोट दाखवतं: ‘धाकट्याला झुकतं माप’. ‘दुजाभाव’ ज्याला मिळालं नाही त्याच्याकडे: ‘थोरल्याशी दुजाभाव केला’. ‘सापत्नभाव’, ‘सावत्रपणाची वागणूक’ हेही वंचिताच्याच बाजूने बोलतात, आणि त्यांत एक गृहीत धरलेलं नातं असतं. देणाऱ्यावर सगळ्यांचा सारखा हक्क होता, तरी त्याने एकाला परकं केलं. म्हणून राज्याने एखाद्या विभागाला निधी दिला नाही तर ‘सापत्न वागणूक’ शोभते. दोन अनोळखी माणसांत ती शोभत नाही. ‘आपपरभाव’ ही मनातली गोष्ट आहे. तो असतो, बाळगला जातो. त्यातून जे घडतं तो दुजाभाव.

यांत मला सगळ्यात जवळचा शब्द ‘पंक्तिप्रपंच’. एकाच पंगतीला बसलेल्यांना वाढताना फरक करणं हा त्याचा मूळ अर्थ. त्याची ताकद ‘एकाच’ या शब्दात आहे. सगळे एका रांगेत बसलेत, सगळ्यांना दिसतंय, आणि तरी वाढणारा तोंडं बघून वाढतोय. एकाच कामाला एकाच हुद्द्यावरच्या दोघांना वेगळा मोबदला मिळाला तर हा शब्द चपखल बसतो. वरिष्ठ आणि कनिष्ठ यांच्या पगारातल्या फरकाला तो बसत नाही, कारण तिथे पंगतच वेगळी असते.

चौथी पायरी : जास्त दिलं, की चूक पोटात घातली?

पक्षपात म्हटलं की डोळ्यासमोर देणं येतं. पण अर्धा पक्षपात शिक्षेत असतो. दोघं उशिरा आले, एकाला नोटीस मिळाली, दुसऱ्याला हसून ‘बस’ म्हटलं. इथे ‘कानाडोळा केला’, ‘पाठीशी घातलं’ हे वाक्प्रचार घ्या. दोन्हींत फरक आहे. कानाडोळा करणारा बघितलं न बघितल्यासारखं करतो. पाठीशी घालणारा पुढे उभा राहून वाचवतो. सातत्याने वाचवत असेल तर ‘वरदहस्त’. आणि एकच चूक स्वतःच्या माणसाची असली की खोडी आणि दुसऱ्याची असली की गुन्हा, याला ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं’ याहून नेमकं काही मला सापडलेलं नाही.

याची दुसरी बाजू म्हणजे ‘आकस’. एकावर माया नसते, दुसऱ्यावर राग असतो, आणि मापावर परिणाम तोच होतो. ‘नावडतीचं मीठ अळणी’ ही म्हण आकसाची आहे. पुष्कळ लोक ती पक्षपातासाठी वापरतात, पण तिच्यात कोणाला जास्त मिळाल्याचा उल्लेखच नाही. मंत्री शपथ घेतात त्या मराठी मजकुरात ही जोडी शेजारी शेजारी आहे: ‘कोणाच्याही विषयी ममत्वभाव किंवा आकस न बाळगता’. संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीतली ही शपथ शपथविधीला सगळे ऐकतात आणि हे दोन शब्द कानावरून निघून जातात. ममत्वभाव म्हणजे ‘हा माझा’ ही भावना, आकस म्हणजे मनात धरलेली अढी. लेखी तक्रारीत यांपैकी कोणता आरोप आहे ते एका वाक्यात सांगता आलं पाहिजे.

पाचवी पायरी : हा खरंच पक्षपात आहे का?

ही पायरी गाळू नका. एकाला जास्त मिळालं, एवढ्यावरून पक्षपात ठरत नाही. नियम आधी जाहीर झाला होता का? त्या स्थितीतल्या प्रत्येकाला तो लागू होतो का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर शब्द बदलतो. रांगेत अपंग व्यक्तीला पुढे घेतलं तर ते ‘प्राधान्य’. शुल्क कमी घेतलं तर ‘सवलत’. आरक्षण हीसुद्धा संविधानाने दिलेली तरतूद आहे, अनुच्छेद 16 मध्ये तिला आधार आहे, आणि तिला पक्षपात म्हणणारा लेख माझ्याकडे आला तर मी तो शब्द कापते. पक्षपाताची खूण अशी की देणाऱ्याला त्याचं कारण उघडपणे सांगता येत नाही. नियमाचं कारण फलकावर लावता येतं.

सहावी पायरी : कुठे लिहिताय?

घरात, मैदानावर, कट्ट्यावर काहीही चालतं. ‘पार्शालिटी करतो’ म्हटलेलं प्रत्येक शाळकरी पोराला कळतं, ‘सेटिंग’ही कळतं. बातमीत ‘वर्णी’ चालते, ‘बगलबच्चे’ चालत नाही. तो अग्रलेखातला शब्द.

अर्जात आणि तक्रारीत मात्र एक फरक जीवापाड सांभाळा. ‘पक्षपात झाला’ आणि ‘पक्षपात होण्याची शक्यता होती’ या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी सिद्ध करणं सोपं असतं आणि बहुतेक वेळा तेवढंच पुरतं. सर्वोच्च न्यायालयाने 1969 मध्ये ए. के. क्रैपक खटल्यात हाच फरक धरला. भारतीय वन सेवेसाठी जम्मू-काश्मीरमधल्या अधिकाऱ्यांची निवड करायची होती आणि निवड मंडळातला एक सदस्य स्वतःच उमेदवार होता. त्याचं नाव चर्चेला आलं तेव्हा तो बैठकीत बसला नाही. पण प्रतिस्पर्ध्यांची नावं चर्चेला आली तेव्हा बसला, आणि क्रमवारी ठरवतानाही होता. न्यायालय त्याच्या मनात काय होतं ते उकरत बसलं नाही. मन सिद्ध करणं अवघड असतं, त्यामुळे पक्षपात संभवतो असं मानायला वाजवी कारण आहे का, एवढंच बघितलं आणि निवड रद्द केली.

अशा जागेसाठी मराठीत ‘हितसंबंध’ हा शब्द आहे. तो माणसाच्या मनावर आरोप करत नाही, त्याच्या जागेवर करतो. मावशी वाईट आहेत असं म्हणायची गरजच उरत नाही. त्या त्या खुर्चीत नको होत्या, एवढं म्हणता येतं.

सातवी पायरी : काय हवं होतं तेही लिहा

तक्रारीला मागणी लागते आणि मागणीला उलट बाजूचा शब्द. इथेही गल्लत होते. ‘तटस्थ’ म्हणजे तटावर, काठावर उभा. तो प्रवाहात उतरत नाही. परीक्षकाला उतरावंच लागतं, कोणालातरी पहिलं ठरवावं लागतं. म्हणून त्याच्याकडून हवा तो ‘निःपक्षपातीपणा’. क्रिकेटमधले ‘तटस्थ पंच’ म्हणजे खेळणाऱ्या दोन्ही देशांबाहेरचे. तिथे तटस्थ हा शब्द त्यांचा देश सांगतो, निर्णय नाही. ‘निःस्पृह’ आणखी कडक. ज्याला कोणाकडून काही नकोच आहे, तो. नारायणराव पेशव्यांचा 1773 मध्ये खून झाल्यावर खुद्द रघुनाथरावांना दोषी ठरवणाऱ्या रामशास्त्री प्रभुण्यांमुळे ‘रामशास्त्री बाणा’ हा प्रयोग मराठीत रुजला. तो जपून वापरावा. नियमाप्रमाणे गुण देणाऱ्याला निःपक्षपाती म्हणावं. रामशास्त्री बाणा त्याचा, ज्याला खरं बोलण्याची किंमत मोजावी लागते आणि तरी जो बोलतो. आणि लिहिताना ‘निःपक्षपाती’मधला विसर्ग खाऊ नका.

मैत्रिणीचं पत्र शेवटी असं झालं:

“सदर स्पर्धेच्या तीन परीक्षकांपैकी एक, विजेत्या विद्यार्थ्याच्या नात्यातील असल्याचे आमच्या माहितीत आले. फलकावरील गुणतक्त्यानुसार अन्य दोन परीक्षकांचे गुण आणि त्यांचे गुण यांत मोठी तफावत आहे. त्यांच्या हेतूबद्दल आमचे काही म्हणणे नाही. तथापि हितसंबंध असलेल्या व्यक्तीने परीक्षण करू नये, अशी आमची विनंती आहे. यापुढे परीक्षकांकडून स्पर्धकांशी नाते नसल्याचे लेखी घ्यावे आणि या निकालाचा फेरविचार व्हावा.”

तिने ते दोनदा वाचलं आणि विचारलं, “यात पक्षपात कुठेच नाही?” मी म्हटलं, “आकड्यांत आहे की.” तिने गुणतक्त्याचा फोटो पत्राला जोडला आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या कचेरीत देऊन पोच घेतली.